थर मोडला आणि तळं गुदमरलं: दक्षिण कोकणातल्या एका तळ्याचा प्रकरण अभ्यास

मिरगाच्या पहिल्या जोरदार पावसानंतरच्या पहाटे राजापूर तालुक्यातल्या एका गावाच्या तळ्यात मासे मेले. रोहू, कटला, मृगळ या तिन्ही जाती, आणि त्यांतही मोठे मासे आधी. उजाडताना ते पाण्याच्या पृष्ठभागाशी तोंड उघडून हवा ओढताना दिसले होते. सकाळी आठपर्यंत पायऱ्यांशी त्यांचा खच पडला. मासेमारीचा ठेका गावातल्या बायकांच्या बचत गटाकडे होता. आदल्या पावसाळ्यात त्यांनी मत्स्यबोटुकली सोडली होती, वर्षभर कोंडा आणि पेंड घातली होती. मे महिन्यात थोडे मासे काढून बाकीचे मुद्दाम राखले होते. १ जून ते ३१ जुलै समुद्रातली मासेमारी बंद असते, आणि त्या दिवसांत गोड्या पाण्यातल्या माशालाही बाजारात चांगला भाव येतो. हिशेब अगदी बरोबर होता.

दहा वाजेपर्यंत गावात एकच बोलणं सुरू झालं: "कोणीतरी तळ्यात विष घातलंन." पाठोपाठ नावही पुढे आलं. शेजारच्या वाडीतल्या एका तरुणाच्या घराकडे आधी हा ठेका होता, आणि तो गेल्याचा राग त्याने बोलून दाखवला होता. एवढ्यावर त्याच्याकडे बोट दाखवलं गेलं आणि तोंडी तक्रार पोलीस पाटलांपर्यंत पोचली.

मी जवळच्या कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. त्या दिवशी तळ्यावर जे पाहिलं, तपासलं आणि ज्या निष्कर्षाला आम्ही आलो, ते इथे क्रमाने मांडतो आहे. कोकणात शेततळी वाढत आहेत, जांभ्याच्या सोडून दिलेल्या खाणींत पाणी साठवून त्यात मासे सोडले जात आहेत. असा प्रकार पुन्हा कुठेही घडू शकतो, आणि घडला की संशय माणसावरच जातो. वास्तविक याचं मूळ पाण्याच्या अशा एका गुणधर्मात आहे, जो आपल्याकडे दहावीचं प्रत्येक मूल शिकतं. फक्त तो शिकवताना उदाहरण असतं ते दूरच्या गोठलेल्या सरोवरांचं.

तळं आणि त्याचा उन्हाळा

तळं जुनं आहे, जांभ्या दगडात बांधलेलं, तीन बाजूंनी डोंगरउतार आणि चौथ्या बाजूला देवळाचा चौथरा. मध्यावर ते तीन पुरुष खोल, म्हणजे साधारण पाच मीटर. काठाने आईन, किंजळ, फणस आणि जुने आंबे इतके दाट आहेत की उन्हाळ्यातला खारा वारा डोक्यावरून निघून जातो, पाण्याला शिवत नाही. गावकऱ्यांना या सावलीचा अभिमान आहे आणि तो योग्यच आहे. पण वारा लागला नाही की पाणी ढवळलं जात नाही, हेही खरं. झाडांचा पाला पाण्यात पडतो, देवळातलं निर्माल्य पडतं, माशांना घातलेल्या पेंडीतला उरलेला भाग तळाशी जातो. हे सगळं तळाशी कुजतं, आणि कुजताना तिथल्या पाण्यातला प्राणवायू खातं.

एप्रिलच्या शेवटी अकरावीच्या काही मुलांबरोबर आम्ही या तळ्याचं तापमान घेतलं होतं. जाड तोंडाच्या बाटलीला दगड बांधायचा, बुचाला वेगळी दोरी बांधायची, बाटली हव्या त्या खोलीवर सोडून बूच झटक्याने ओढायचं, आणि वर आणल्याबरोबर तापमापी आत घालायची, इतकी साधी रीत. दुपारी वरच्या पाण्याचं तापमान ३२ अंश सेल्सिअस होतं, तळाशी २८. मुलांना त्यात विशेष काही वाटलं नव्हतं. ऊन वरून पडतं, वर गरम आणि खाली गार, यात नवल काय?

आणखी एक गोष्ट बचत गटातल्या एका वहिनींनी मे महिन्यातच सांगितली होती. मृगळ हा तळाशी चरणारा मासा. त्या वर्षी तो जाळ्यात पायऱ्यांजवळच्या उथळ पाण्यातच मिळत होता, मध्यावरच्या खोल पाण्यात जाळं रिकामं येत होतं. त्यांना वाटलं, मासा कमी झाला. मला ही या प्रकरणातली सगळ्यात मोलाची नोंद वाटते, कारण तळाचं पाणी माशांच्या राहण्याजोगं उरलेलं नाही हे मृगळाने वादळाच्या कितीतरी आधी दाखवून दिलं होतं.

विष होतं का?

संशय हवेतून आलेला नव्हता. रामेठ्याची साल किंवा गेळाचं फळ ठेचून ओढ्याच्या डोहात टाकलं की मासे गुंगतात, ही माहिती आपल्याकडे जुन्या माणसांना असते. ब्लीचिंग पावडर टाकून मासे मारण्याचे प्रकारही होतात. शिवाय वरच्या बाजूला आंब्याच्या बागा आहेत. मोहोराच्या काळात तिथे कीटकनाशकाच्या फवारण्या होतात आणि पहिल्या पावसात काय वाहून येईल सांगता येत नाही. त्यामुळे विषाची शक्यता हसण्यावारी न्यायची नाही, ती तपासायची, असं आम्ही ठरवलं. तळ्याकाठीच तपासायचं, कारण उन्हं चढली की मेलेला मासा तासाभरात वास मारतो, लोक तो चुना टाकून पुरतात, आणि मग कोणालाच काही सिद्ध करता येत नाही.

पाहिलेलं असं. मेलेल्यांत मोठे मासे जास्त होते. बोटाएवढी पिल्लं आणि लहान दांडके मासे बरेचसे जिवंत होते, काठाशी पृष्ठभागाला तोंड लावून. विषाने सहसा उलट होतं, लहान जीव आधी जातो. प्राणवायू कमी पडला की मात्र मोठं शरीर आधी हरतं. मेलेल्या माशांची तोंडं उघडी होती आणि कल्ल्यांची झाकणं फाकलेली. मरळ एकही मेला नव्हता. मरळ पाण्यावर येऊन थेट हवा घेऊ शकतो. पाण्यातला प्राणवायू संपला तरी तो तग धरतो, पण पाण्यात विष असतं तर त्याच्या सुटकेला असं काही कारण नव्हतं.

मला खात्री पटली ती बारीक झिंग्यांमुळे. गोड्या पाण्यातले ते छोटे पारदर्शक झिंगे पाण्याच्या कडेला, अगदी ओल्या दगडांवर चढून बसले होते, शेकड्यांनी, आणि जिवंत. कीटकनाशकं किड्यांना मारण्यासाठी बनवलेली असतात. झिंगा, खेकडा हे किड्यांचे दूरचे भाऊबंद, त्यांना ती माशांपेक्षा लवकर मारतात. बागेतलं औषध उतरून आलं असतं तर आधी झिंगे गेले असते. बेडकाची पिल्लं वळवळत होती, पाण्यावर पळणारे किडे पळत होते. क्लोरीनचा वास नव्हता. वास होता तो वेगळा: सडक्या अंड्यांचा, चिखल उपसल्यावर येतो तसा.

मग बाटली सोडली. एप्रिलमध्ये वर आणि खाली ४ अंशांचा फरक होता. आता पृष्ठभागावर, मधोमध आणि तळाशी पारा जवळपास एकाच जागी थांबला, २७ आणि २८ च्या दरम्यान. तीन पुरुष पाणी वरपासून खालपर्यंत एक झालेलं होतं.

प्राणवायू पाहायला महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतली दोन द्रावणं नेली होती, मँगनीज सल्फेट आणि अल्कलीयुक्त पोटॅशियम आयोडाइड. पाण्यात प्राणवायू असेल तर या दोन्हींमुळे तपकिरी साका तयार होतो. जितका प्राणवायू जास्त तितका गडद. अजिबात नसेल तर साका पांढरा राहतो. आमच्या पद्धतीने बाटली भरताना थोडी हवा मिसळतेच, म्हणजे निकाल खऱ्यापेक्षा बरा दिसण्याचीच शक्यता. तरीही तळाच्या पाण्याचा साका जवळजवळ पांढरा निघाला आणि पृष्ठभागाच्या पाण्याचा फिकट पिवळसर. शेजारच्या विहिरीच्या उथळ, उपसत्या पाण्याची बाटली तुलनेला ठेवली होती, तिच्यातला साका तपकिरी होता. तीन बाटल्या ओळीने पायरीवर ठेवल्या. जमलेल्या माणसांना यापुढे फार समजावून सांगावं लागलं नाही, निदान 'काय झालं' एवढं तरी. 'एका रात्रीत प्राणवायू गेला कुठे?' हा प्रश्न मात्र उरला, आणि तो एका काकांनी लगेच विचारलाच.

त्याचं उत्तर बर्फाच्या सरोवरातून जातं

दहावीच्या पुस्तकात 'पाण्याचे असंगत आचरण' शिकवताना होपचं उपकरण असतं. थॉमस होप या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने १८०५ च्या सुमारास हा प्रयोग मांडला: उभ्या नळकांड्यात पाणी, त्याच्या मध्याभोवती बर्फ आणि मिठाचं गोठणमिश्रण, एक तापमापी वर, एक खाली. आपल्याकडे हा प्रयोग करणं सोपं आहे. मासळीसाठी बंदरावर येणाऱ्या बर्फाच्या लादीचा तुकडा आणि जाडं मीठ मिळालं की झालं. आधी खालचा पारा उतरतो आणि ४ अंशांवर येऊन थांबतो. वरचा बराच वेळ हलत नाही. मग वरचा उतरू लागतो आणि थेट ० पर्यंत जातो, खालचा ४ वरच.

याचं कारण पाण्याच्या रेणूंच्या रचनेत आहे. बर्फात प्रत्येक रेणू चार शेजाऱ्यांना हायड्रोजन बंधांनी धरून असतो आणि त्या मांडणीत मोकळी जागा खूप राहते. म्हणून एक घनमीटर बर्फाचं वस्तुमान ९१७ किलो, आणि तेवढ्याच पाण्याचं जवळपास १०००. बर्फ वितळला तरी ती पोकळ मांडणी एकदम जात नाही. ० अंशाच्या पाण्यात तिचे अवशेष असतात. तापमान वाढतं तसे ते ढासळतात, रेणू जवळ येतात, पाणी घट्ट होतं. त्याच वेळी उष्णतेने रेणूंची हालचाल वाढते आणि पाणी पसरू पाहतं. या दोन ओढी ३.९८ अंशांवर बरोबरीत येतात. तिथे पाण्याची घनता सर्वांत जास्त. त्याच्या खाली थंड करा किंवा वर गरम करा, ते हलकंच होणार.

आता काश्मीरमधलं डल सरोवर घ्या, कडक थंडीत ते वरून गोठतं. शरद ऋतूत वरचं पाणी गार होतं, जड होतं, खाली बुडतं, खालचं वर येतं. सगळं सरोवर ४ अंशांपर्यंत येईस्तोवर ही उलथापालथ चालू राहते. त्यानंतर वरचं पाणी आणखी गार झालं की ते हलकं होतं आणि वरच राहतं. तिथेच ० ला पोचतं, तिथेच गोठतं, आणि बर्फ तरंगत असल्यामुळे खालच्या पाण्यावर पांघरूण तयार होतं. तळाशी ४ अंशांच्या आसपासचं पाणी, त्यात मासे.

पुस्तकं इथे थांबतात, आणि मुलांच्या मनात राहतं ते एवढंच: तळाशी पाणी गोठत नाही म्हणून मासे जगतात. हे खरं आहे, पण अर्धंच. मासे मासेच, त्यांना श्वास हवा. बर्फाचं झाकण महिनोन्‌महिने बंद असतं, हवेतला प्राणवायू आत येत नाही, मग ते श्वास कशाचा घेतात? उत्तर त्या शरदातल्या उलथापालथीत आहे. झाकण पडण्याआधी सरोवराचं सगळं पाणी आळीपाळीने पृष्ठभागावर येऊन जातं, आणि थंड पाण्यात प्राणवायू जास्त मावतो. ४ अंशांच्या पाण्यात लिटरमागे १३ मिलिग्रॅमच्या आसपास. आपल्या तळ्याच्या २८ अंशांना तो आकडा जेमतेम ७.८ आहे. कोकणातलं घर मे महिन्यात पावसाळ्याची बेगमी करतं, तसं सरोवर हिवाळ्याआधी तळापर्यंत प्राणवायू भरून घेतं. शिवाय थंडीमुळे माशांचं शरीर मंद चालतं, गरजही थोडी. म्हणून साठा पुरतो.

आणि जिथे पुरत नाही तिथे मासे मरतात. उथळ सरोवरावर बर्फ आणि त्यावर जाड हिम साचलं की उजेड आत जात नाही, पाणवनस्पती प्राणवायू बनवायचं थांबवतात, तळाचा गाळ तो खातच राहतो, आणि वसंतात बर्फ वितळल्यावर मेलेले मासे वर येतात. उत्तर अमेरिकेतल्या थंड राज्यांत यासाठी हिवाळ्यात तळ्यांमध्ये हवा सोडणारी यंत्रं लावतात. म्हणजे गोठलेल्या सरोवरातसुद्धा मासा थंडीने मरत नाही, गुदमरून मरतो. हे कळल्यावर राजापूरचं तळं आणि काश्मीरचं सरोवर एकाच गोष्टीची दोन टोकं वाटू लागतात.

आलेखाची दुसरी बाजू

पाण्याच्या घनतेचा आलेख काढला तर ४ अंशांवर त्याचं शिखर येतं. शिखरावर तो जवळजवळ सपाट असतो, आणि जसजसं दूर जावं तसतसा उतार तीव्र होत जातो. आपण वर्गात शिखराजवळचा तुकडा शिकवतो. कोकण राहतं ते उताराच्या तीव्र भागात.

आकडे पाहा. ४ अंशांना एका घनमीटर पाण्याचं वस्तुमान ९९९.९७ किलो असतं, ० अंशाला ९९९.८४. फरक फक्त १३० ग्रॅमचा. एवढ्या फरकावर सगळं गोठलेलं सरोवर आपले थर सांभाळून असतं, आणि ते टिकतं कारण वर बर्फाचं झाकण आहे, वारा लागत नाही. आता आपल्याकडे या: ३० अंशांना ९९५.६५ किलो, ३१ ला ९९५.३४. एका अंशातच ३१० ग्रॅम! म्हणजे ज्या फरकाचं जगभर कौतुक होतं, त्याच्या दुप्पटीहून जास्त फरक कोकणातल्या तळ्यात एक अंशाने पडतो. आणि आमच्या तळ्यात एप्रिलमध्ये फरक होता ४ अंशांचा: ३२ ला ९९५.०३, २८ ला ९९६.२४, म्हणजे १.२१ किलो. गोठलेल्या सरोवराच्या नऊपट.

मुलांना ज्यात नवल वाटलं नव्हतं ते हे. ४ अंश ऐकायला किरकोळ, पण त्या उष्णतेला ४ अंश म्हणजे दोन थरांमध्ये घातलेली भिंत. झाडांच्या आडोशातला मंद वारा ती भिंत ओलांडून पाणी ढवळू शकत नाही. वरच्या थराला हवा मिळते, शेवाळाने बनवलेला प्राणवायू मिळतो, पाणी हिरवं आणि जिवंत. खालच्या थराला यातलं काही नाही. त्याच्या वाट्याला फक्त कुजणं. तिथे प्राणवायू संपला की प्राणवायूशिवाय जगणारे जीवाणू कामाला लागतात, हायड्रोजन सल्फाइड तयार होतो, जांभ्याच्या मातीतलं लोह विरघळतं. बाहेरून काहीच दिसत नाही. मृगळ तेवढा वर येतो.

खरं तर हिवाळ्यात आपलं तळंही मिसळतं. डिसेंबर-जानेवारीच्या गार रात्रींत पृष्ठभाग थंडावतो, पाणी खाली बसतं, आणि रोज थोडंथोडं ढवळणं होत राहतं. तळाशी फार काही साठलेलं नसतं, त्यामुळे ते बिनबोभाट पार पडतं. मार्चपासून मात्र थर बसू लागतो आणि मिरगापर्यंत तो कोणी मोडत नाही. फरक असा की थंड प्रदेशातलं सरोवर झाकण पडण्याआधी पूर्ण भरून घेतं, आणि आमचं तळं झाकण असतानाच आतून रिकामं होत जातं, तेही अशा उष्णतेत जिथे माशाची भूक आणि श्वास दोन्ही जोरात असतात.

त्या रात्री

मृग निघाला तरी पाऊस नव्हता. दोन-तीन दिवस नुसतं दाटून येत होतं. हे दिवस महत्त्वाचे आहेत. ऊन नाही म्हणजे शेवाळ प्राणवायू बनवत नाही, पण रात्रंदिवस वापरतं. वरच्या थरातला साठाही त्यामुळे आधीच उतरलेला होता. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी वारा सुटला, आणि रात्रभर पाऊस कोसळला. चढणीचे मासे पकडायला पोरं पागोळ्या गळायच्या आत ओढ्याकडे धावली, तळ्याकडे कोणी पाहिलं नाही, पाहण्याचं कारणही नव्हतं.

पाऊस तळ्यावर पडला तो गार. वरचा गरम थर झपाट्याने थंड होऊ लागला, म्हणजेच जड. पण माझ्या मते निर्णायक ठरलं ते डोंगरउतारावरून आलेलं पाणी. पावसाचं पाणी २४ अंशांचं धरलं तर त्याचं वस्तुमान घनमीटरला ९९७.३० किलो भरतं. तळाच्या २८ अंशांच्या पाण्यापेक्षाही ते एक किलोने जड, आणि त्यात लाल माती मिसळलेली म्हणजे आणखीच जड. असं पाणी तळ्यात शिरलं की पृष्ठभागावर पसरत नाही. उतारावरून सरळ खाली जातं आणि तळाशी बसलेल्या पाण्याला वर उचलतं. वरून थर खचतो, खालून उचलला जातो, आणि मधली भिंत काही तासांत नाहीशी होते.

वर आलेल्या पाण्यात प्राणवायू तर नव्हताच, शिवाय ते प्राणवायूचं भुकेलं होतं. सल्फाइड आणि विरघळलेलं लोह हवेतल्या प्राणवायूशी लगेच संयोग पावतात. वरच्या थरात जे काही शिल्लक होतं तेही त्यांनी ओढून घेतलं. पहाट हा तसाही दिवसातला सर्वांत वाईट वेळ, कारण रात्रभर श्वास चालू आणि निर्मिती बंद. मासे वर आले, तोंडं उघडली, पण पृष्ठभागाच्या त्या पातळ पापुद्र्यात इतक्या सगळ्यांना पुरेल एवढं काही नव्हतं.

पुढे काय केलं

पहिलं काम त्याच सकाळी झालं. सुपारीच्या बागेला पाणी देणारा डिझेल पंप तळ्याकाठी आणून त्याचं पाणी उंचावरून फवाऱ्यासारखं परत तळ्यातच सोडलं. उडणाऱ्या प्रत्येक थेंबाला हवा लागते. लहान मासे त्या फवाऱ्याखाली गोळा झाले ते लोकांनी डोळ्यांनी पाहिलं, आणि माझ्या सगळ्या आकड्यांपेक्षा त्याचा परिणाम जास्त झाला. उरलेले बरेच मासे वाचले. मेलेले लगेच काढून पुरले, कारण तेच पाण्यात कुजले असते तर पुन्हा तेच चक्र.

संध्याकाळी देवळात बैठक झाली. तीन बाटल्यांचा निकाल, झिंगे, मरळ, तापमान, सगळं मांडलं. पोलीस पाटलांनी विचारलं, "सर, म्हणजे कोणी काही टाकलंच नाही असं लिहून देता?" मी सांगितलं की जे दिसलं त्यात विषाची एकही खूण नाही आणि प्राणवायू संपल्याच्या सगळ्या खुणा आहेत, एवढं लिहून देतो. दिलं. तक्रार पुढे गेली नाही. त्या तरुणाची आई बैठकीला आली होती, ती मागे खांबाजवळ बसून होती. संशयाचे ते काही तास त्या घराला जे सोसावं लागलं त्याची भरपाई कोणत्याही निष्कर्षाने होत नाही, आणि म्हणूनच काठावरची तपासणी पहिल्या तासात व्हायला हवी असं मला कळकळीने वाटतं.

पुढच्या वर्षासाठी काय करावं यावर बराच खल झाला. कोणी म्हणालं, मे महिन्यात मोठा पंप लावून तळ एकदा ढवळून काढू. हे करू नये. मे महिन्यात खालचा थर पुरता बिघडलेला असतो. तो एकदम वर आणणं म्हणजे पावसाने केलं तेच हाताने करणं. ढवळायचं तर थर बसायच्या आधी, फेब्रुवारी-मार्चपासून, रोज थोडं. झाडं तोडून वारा मोकळा करायची सूचनाही आली; ती कोणालाच मानवली नाही, मलाही नाही.

शेवटी जी युक्ती सर्वांना पटली ती बचत गटातल्याच एका बाईंची. उन्हाळाभर बागांना पाणी याच तळ्यातून जातं, आणि पंपाचा फूटव्हॉल्व्ह, म्हणजे पाणी ओढणाऱ्या नळीच्या टोकाची झडप, वरच्या पाण्यात तरंगता ठेवलेला असतो, कचरा येऊ नये म्हणून. तो खाली का सोडू नये? उत्तम विचार होता. बागेला तळाचं पाणी दिलं की बिघडणारा थर साठण्याआधीच उपसला जातो, त्याच्या जागी वरचं चांगलं पाणी खाली सरकतं, आणि सुपारीच्या मुळांना त्या पाण्याने काही बिघडत नाही. पाण्याचा जो उपसा होणारच आहे तो फक्त वेगळ्या खोलीवरून करायचा. वेगळा खर्च नाही. फूटव्हॉल्व्ह गाळापासून हातभर वर टांगायचा, नाहीतर चिखलच ओढला जाईल. पाल्यासाठी सांडव्याच्या बाजूला जाळी बसली आणि निर्माल्याला देवळाच्या मागे खड्डा झाला. मासेही आता दोन टप्प्यांत काढायचे ठरले आहेत: मोठे सगळे मेअखेर, आणि बंदीच्या काळातल्या बाजारासाठी फक्त मधल्या आकाराचे, तेही विरळ.

खाडीकाठच्या ज्या तळ्यांत भरतीचं पाणी शिरतं त्यांना हा हिशेब जसाच्या तसा लागू होत नाही. तिथे मीठ तापमानापेक्षा कितीतरी मोठा फरक पाडतं. ३० अंशांच्या पाण्यात लिटरमागे एक-दोन ग्रॅम मीठ जास्त असलं तरी आमच्या ४ अंशांएवढी भिंत उभी राहते. पहिल्या पावसाचं गोडं पाणी खाऱ्यावर तरंगतं, थर मोडण्याऐवजी नव्याने बसतो, आणि कोळंबी तळाशी असते. कोळंबीवाल्यांनी म्हणून मिरगाच्या आधी नव्हे, पाऊस पडून गेल्यावरच्या दिवसांत जास्त लक्ष द्यावं, वरचं गोडं पाणी काढून टाकण्याची सोय ठेवावी आणि हवा देणारी चक्रं बंद पडू देऊ नयेत.

बाटली आणि तापमापी आता बचत गटाकडेच असते. मार्चपासून दर आठवड्याला दुपारी दोन ठिकाणचं तापमान घेऊन भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहितात. वर आणि तळात दोन अंशांहून जास्त फरक दिसला की त्या दिवसापासून पंप रोज चालतो, आणि आभाळ दोन दिवस भरून राहिलं की पेंड घालणं बंद.